विश्लेषण : ‘पोएटिक्स’चे अनुवादक ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कसे पोहोचले? कोण होते आयरिश प्राध्यापक सॅम्युएल बुचर?

इंग्रजी साहित्यात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला ॲरिस्टॉटलचे ‘पोएटिक्स’ चुकत नाही. भारतातील असंख्य विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ ज्या इंग्रजी अनुवादातून वाचला, तो एस. एच. बुचर यांचा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्यांचे आडनाव हमखास येते, पण त्यापलीकडे त्यांच्याविषयी फारसे सांगितले जात नाही. डब्लिनमध्ये जन्मलेले, बिशपचे पुत्र असलेले, एडिंबरात २१ वर्षे ग्रीक शिकवणारे बुचर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य झाले. आयर्लंडला स्वराज्य मिळू नये या बाजूने ते उभे राहिले. मात्र आयर्लंडमधील कॅथलिकांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न सोडवण्यासाठी नेमलेल्या आयोगांवरही त्यांनी काम केले.

कोणत्या आयर्लंडमध्ये जन्म?

सॅम्युएल हेन्री बुचर यांचा जन्म १६ एप्रिल १८५० रोजी डब्लिनमध्ये झाला. वडिलांचे नावही सॅम्युएल. ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक होते आणि पुढे १८६६ मध्ये मीथ प्रांताचे बिशप झाले. केरी परगण्यात किलार्नीजवळ डेन्सफोर्ट येथे कुटुंबाची मालमत्ता होती.

त्या काळातील आयर्लंड समजून घेतल्याशिवाय बुचर यांचे राजकारण समजत नाही. देशातील सुमारे तीन चतुर्थांश लोक कॅथलिक होते. जमीन, न्यायालये, विद्यापीठ आणि मोठ्या सरकारी जागा मात्र बव्हंशी मूठभर प्रोटेस्टंट घराण्यांच्या हातात होत्या. ही घराणी स्वतःला आयरिश मानत आणि त्याच वेळी ब्रिटिश साम्राज्याशी एकनिष्ठही असत. बुचर यांचे घराणे याच वर्गातले.

बुचर यांच्या तरुणपणीच या वर्गाचा पाया हलू लागला. १८६९ च्या कायद्याने आयर्लंडमधील प्रोटेस्टंट चर्चचा सरकारी दर्जा काढून घेण्यात आला आणि १८७१ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. तेव्हा वडील बिशप होते. त्यानंतर कुळांचे जमिनीसाठीचे आंदोलन पेटले आणि पाठोपाठ ‘होमरूल’ची मागणी आली. हाच शब्द पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये आपल्या होमरूल लीगसाठी घेतला, म्हणून मराठी वाचकाला तो परका नाही.

शिक्षण कुठे झाले?

इंग्लंडमधील मार्लबरो शाळेतून बुचर १८६९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. ग्रीक आणि लॅटिन या अभिजात भाषांच्या १८७३ च्या अंतिम परीक्षेत ते पहिले आले. अशा विद्यार्थ्याला तेथे ‘सीनियर क्लासिक’ म्हणत आणि हा मान आयुष्यभर नावामागे लागे. पुढच्याच वर्षी त्यांना कॉलेजची फेलोशिप मिळाली.

ती फार टिकली नाही, याचे कारण विवाह. फेलोने अविवाहित राहावे, असा तेव्हाचा नियम होता. १८७६ मध्ये बुचर यांनी रोझ ज्युलिया ट्रेंच यांच्याशी लग्न केले आणि केंब्रिजची फेलोशिप सोडली. रोझ या डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांच्या कन्या. हेच ट्रेंच शब्दांच्या इतिहासाचे नामवंत अभ्यासक होते आणि पुढे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या कोशाच्या मूळ कल्पनेत त्यांचा मोठा वाटा होता. बुचर यांचे वडील याच वर्षी वारले. नवविवाहित दाम्पत्य ऑक्सफर्डला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख जॉर्ज ब्रॅडली हे बुचर यांचे मार्लबरोतील मुख्याध्यापक होते.

‘ओडिसी’ गद्यात का आणली?

ऑक्सफर्डमध्ये असताना बुचर यांनी स्कॉटिश लेखक अँड्र्यू लँग यांच्यासोबत होमरच्या ‘ओडिसी’चा इंग्रजी गद्य अनुवाद केला. तो १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत होमरचे गाजलेले इंग्रजी अनुवाद पद्यात होते. यमक आणि वृत्त सांभाळताना प्रत्येक कवी मूळ कथेत स्वतःची भर घालत असे. बुचर आणि लँग यांनी पद्याचा मोह सोडला आणि मूळ जे सांगते तेवढेच सांगायचे ठरवले.

मात्र भाषा रोजची ठेवली नाही. होमरची ग्रीक बोली त्याच्या श्रोत्यांनाही जुनी आणि भारदस्त वाटत असे. म्हणून अनुवादातही बायबलच्या वळणाची जुनी इंग्रजी योजली. आजच्या वाचकाला ती काहीशी जड वाटते, पण त्या पिढीत हा अनुवाद घरोघरी पोहोचला. अमेरिकेत १९०९ मध्ये सुरू झालेल्या ‘हार्वर्ड क्लासिक्स’ या लोकप्रिय ग्रंथमालेच्या बाविसाव्या खंडात ‘ओडिसी’ आली, ती याच अनुवादातून. ग्रीक न येणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला, कामगाराला होमर वाचता आला.

दुसरा ध्यास होता डेमॉस्थेनिसचा. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाविरुद्ध अथेन्सला जागे करणारा हा वक्ता राजकारणात हरला, पण त्याची भाषणे उरली. बुचर यांनी १८८१ मध्ये त्याच्यावर छोटे पुस्तक लिहिले. पुढे ऑक्सफर्डच्या प्रमाण ग्रीक संहितांच्या मालेसाठी त्याची भाषणे संपादित केली. त्याचा पहिला खंड १९०३ मध्ये आला, पुढचा भाग १९०७ मध्ये आला. तेव्हा बुचर स्वतः पार्लमेंटमध्ये बसत होते.

एडिंबरात त्यांनी काय केले?

१८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, बुचर एडिंबरा विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक झाले. आधीचे प्राध्यापक जॉन स्टुअर्ट ब्लॅकी हे स्कॉटलंडभर ओळखले जाणारे व्यक्तिमत्त्व होते. त्यांची जागा भरणे सोपे नव्हते. बुचर तेथे १९०३ पर्यंत राहिले.

या काळात स्कॉटलंडच्या विद्यापीठांची पुनर्रचना झाली. १८८९ च्या कायद्याने त्यासाठी आयोग नेमला. बुचर १८९६ पर्यंत त्याचे सदस्य होते. आयोगाच्या १८९२ च्या नियमांमुळे स्कॉटिश विद्यापीठांना स्त्रियांना शिकवण्याची आणि पदवी देण्याची मुभा मिळाली. एडिंबरातून पहिल्या स्त्री पदवीधर १८९३ मध्ये बाहेर पडल्या. त्याच सुधारणांत पदवीचे विषय निवडण्याचे स्वातंत्र्य वाढले आणि सर्वांसाठी ग्रीक सक्तीचे राहिले नाही. ज्या आयोगाने ही सक्ती सैल केली, त्यावर ग्रीकचा प्राध्यापक बसला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘पोएटिक्स’च्या अनुवादाचे महत्त्व काय?

१८९५ मध्ये बुचर यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक आले, ‘ॲरिस्टॉटल्स थिअरी ऑफ पोएट्री अँड फाइन आर्ट’. त्यात मूळ ग्रीक संहिता, इंग्रजी अनुवाद आणि विस्तृत निबंध असे तिन्ही एकत्र होते. संहिता तज्ज्ञांसाठी, अनुवाद सर्वांसाठी आणि निबंध समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी, अशी सोय झाली.

‘पोएटिक्स’ हा तसा छोटा आणि तुटक ग्रंथ आहे. व्याख्यानाच्या टिपणांसारखा. त्यातील काही शब्दांवर शतकानुशतके वाद झाले आहेत. त्यातले दोन प्रमुख.

पहिला शब्द ‘मिमेसिस’, म्हणजे अनुकरण. कला ही नकलेची नक्कल आहे, म्हणून ती सत्यापासून दूर, असे प्लेटोचे म्हणणे. ॲरिस्टॉटलच्या लेखी अनुकरण म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे, असे बुचर यांनी मांडले. कवी एका माणसाची गोष्ट सांगतो, पण त्यातून माणूस म्हणून कोणाचेही काय होऊ शकते ते दाखवतो.

दुसरा शब्द ‘कॅथार्सिस’. मराठीत यासाठी विरेचन हा शब्द रूढ आहे. शोकात्म नाटक करुणा आणि भीती जागवून त्यांचे विरेचन करते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो, पण विरेचन म्हणजे नेमके काय हे सांगत नाही. जर्मन विद्वान जेकब बर्नेज यांनी १८५७ मध्ये याचा अर्थ वैद्यकातून लावला. रेचक घेतल्यावर शरीर हलके होते, तसे मन मोकळे होते. बुचर यांनी हा अर्थ मान्य केला, पण तेथे थांबले नाहीत. प्रत्यक्ष आयुष्यात भीती ही स्वतःपुरती असते आणि बोचते. रंगभूमीवर दुसऱ्याचे दुःख पाहताना तीच भीती स्वतःपुरती राहत नाही, व्यापक होते आणि तिच्यातील बोच जाते, असा त्यांचा अन्वयार्थ. भारतीय रससिद्धांतातील साधारणीकरणाच्या कल्पनेची येथे आठवण होते.

नंतरच्या अभ्यासकांनी बुचर यांच्यावर टीकाही केली. एकोणिसाव्या शतकातील कलाविचार त्यांनी ॲरिस्टॉटलवर लादला, असा तिचा रोख. तरीही अनुवादाचा नितळपणा कोणी नाकारला नाही. मराठीत पुढे विंदा करंदीकर यांनी ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आणले. इंग्रजीत वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र बुचर हेच नाव दीर्घकाळ राहिले.

राजकारणाकडे वळण्याचे कारण काय?

१९०२ मध्ये रोझ यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी बुचर यांनी एडिंबरातील अध्यापनपद सोडले आणि ते लंडनला राहायला गेले. १९०४ मध्ये त्यांनी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात व्याख्याने दिली. ती त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली.

मात्र सार्वजनिक कामाची सुरुवात त्याआधीच झाली होती आणि तिचे निमित्त होते आयर्लंडमधील विद्यापीठांचा प्रश्न. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज १५९२ पासूनचे, पण ते प्रोटेस्टंटांचे मानले जाई. १८७३ मध्ये तेथील धार्मिक अटी कायद्याने निघाल्या, तरी कॅथलिक धर्मगुरू आपल्या मुलांना तेथे पाठवायला तयार नव्हते. सरकारने १८४५ च्या कायद्याने बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथे धर्मनिरपेक्ष कॉलेजे काढली. तीही कॅथलिक चर्चने निरीश्वरवादी म्हणून नाकारली. १८७९ च्या कायद्याने ‘रॉयल युनिव्हर्सिटी’ आली, पण ती फक्त परीक्षा घेई. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठही सुरुवातीला असेच परीक्षा घेणारे होते. परिणाम एकच, बहुसंख्य समाजाला आपले वाटेल असे शिकवणारे विद्यापीठ देशात नव्हते.

१९०१ मध्ये यावर नेमलेल्या शाही आयोगावर बुचर यांची नियुक्ती झाली. १९०३ च्या अहवालात या आयोगाने रॉयल युनिव्हर्सिटीचे रूपांतर शिकवणाऱ्या विद्यापीठात करावे आणि डब्लिनमध्ये कॅथलिकांसाठी सुसज्ज कॉलेज उभारावे, अशी शिफारस केली. १९०६ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या चौकशीसाठी दुसरा आयोग बसला. त्यावरही बुचर होते. त्यांच्या शेजारी आयरिश भाषेच्या चळवळीचे प्रणेते डग्लस हाइड बसत. तेच हाइड १९३८ मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

विद्यापीठाचा खासदार म्हणजे काय?

बुचर ज्या जागेवरून निवडून आले, ती जागा गावाची किंवा जिल्ह्याची नव्हती, तर केंब्रिज विद्यापीठाची होती. विद्यापीठाचे पदवीधर, ते देशात कुठेही राहत असले तरी, या जागेसाठी मतदान करत. शिवाय राहत्या ठिकाणचे मतही त्यांना असे. महाराष्ट्रात विधान परिषदेसाठी पदवीधर मतदारसंघ असतो, त्याच्याशी याचे साम्य आहे. फरक इतकाच की ब्रिटनमध्ये ही जागा थेट कनिष्ठ सभागृहात होती. केंब्रिजला अशा दोन जागा सतराव्या शतकाच्या आरंभापासून होत्या. आयझॅक न्यूटनही कधीकाळी येथूनच निवडून गेले होते. खासदारांना तेव्हा वेतन नव्हते, ते १९११ पासून सुरू झाले. विद्यापीठांच्या जागा १९५० मध्ये बंद झाल्या.

केंब्रिजचे आधीचे खासदार रिचर्ड जेब हेही ग्रीकचेच प्राध्यापक होते. डिसेंबर १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि लगेच सार्वत्रिक निवडणूक लागली. १९०६ च्या निवडणुकीत युनियनिस्ट पक्षाचे बुचर निवडून आले. आयर्लंड आणि ब्रिटन यांचे एकत्रीकरण कायम राहावे, हे या पक्षाचे मुख्य सूत्र. देशभर मात्र लिबरल पक्षाची लाट होती. युनियनिस्टांचे जेमतेम दीडशेच्या आसपास खासदार उरले. म्हणजे बुचर पार्लमेंटमध्ये पोहोचले ते पराभूत बाजूच्या बाकांवर.

संसदेतील कारकीर्द कशी होती?

बुचर मंत्री झाले नाहीत. आयर्लंड आणि शिक्षण हेच त्यांचे दोन विषय. होमरूलला त्यांचा विरोध कायम राहिला. १९०८ मध्ये लिबरल मंत्री ऑगस्टिन बिरेल यांनी आयरिश विद्यापीठांचा कायदा मंजूर करून घेतला. डब्लिन, कॉर्क आणि गॉलवे येथील कॉलेजे मिळून ‘नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंड’ झाली आणि बेलफास्टला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. ट्रिनिटी कॉलेजला हात लावला गेला नाही. अर्धशतकाहून जुना प्रश्न सुटला.

याचा पुढचा परिणाम मात्र युनियनिस्टांना मानवणारा नव्हता. या नव्या विद्यापीठातून स्वतंत्र आयर्लंडचा कारभार चालवणारी पिढी घडली. डब्लिनच्या कॉलेजात शिकवणारे टॉमस मॅकडोना १९१६ च्या उठावानंतर फाशीऐवजी गोळ्या घालून मारल्या गेलेल्या नेत्यांपैकी एक. एमॉन डी व्हॅलेरा १९२१ पासून या विद्यापीठाचे कुलपती होते. त्याच कॉलेजातील ग्रीकचे प्राध्यापक मायकेल टियर्नी १९२५ मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या संसदेत निवडून गेले. ग्रीकच्या वर्गातून राजकारणात जाण्याची वाट तीच राहिली, पण ती आता लंडनऐवजी डब्लिनच्या संसदेकडे जात होती.

घरातही दोन बाजू?

होय. बुचर यांचे धाकटे भाऊ जॉन जॉर्ज बुचर यॉर्कचे युनियनिस्ट खासदार होते आणि पुढे लॉर्ड डेन्सफोर्ट झाले. बहीण एलिझाबेथ यांचा विवाह लॉर्ड माँटीगल यांच्याशी झाला होता. त्यांची कन्या मेरी स्प्रिंग राइस, म्हणजे बुचर यांची भाची, आयरिश राष्ट्रवादी झाली. जुलै १९१४ मध्ये ‘आसगार्ड’ या शिडाच्या नौकेतून आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका डब्लिनजवळ हाउथ बंदरात उतरवल्या गेल्या. त्या नौकेवर मेरी होत्या. मामा आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावे म्हणून पार्लमेंटमध्ये बसले आणि भाचीने ते सुटावे म्हणून बंदुका आणल्या. एका पिढीच्या अंतराने आयर्लंडमधील अनेक प्रोटेस्टंट घरांत हेच घडत होते. मामाच्या मृत्यूला तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती.

अखेरची वर्षे कशी गेली?

अभ्यास आणि संस्थांचे काम पार्लमेंटमध्ये गेल्यावरही सुटले नाही. ग्रीक आणि लॅटिनचे शिक्षण टिकावे आणि सुधारावे यासाठी १९०३ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्लासिकल असोसिएशन’च्या संस्थापकांत ते होते. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश अकॅडमी’चे ते आरंभीचे फेलो. या संस्थेचे पहिले अध्यक्ष लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. बुचर १९०९ मध्ये अकॅडमीचे अध्यक्ष झाले.

१९१० हे वर्ष राजकीय धामधुमीचे होते. जानेवारी आणि डिसेंबर अशा दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. दोन्ही वेळी लिबरल आणि युनियनिस्ट जवळपास समसमान राहिले आणि सत्तेची किल्ली आयरिश राष्ट्रवादी पक्षाच्या हाती गेली. होमरूल आता अटळ दिसू लागले. बुचर दोन्ही वेळा निवडून आले, पण पुढचा संघर्ष पाहायला राहिले नाहीत. २९ डिसेंबर १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ६० वर्षे. एडिंबरातील डीन स्मशानभूमीत, पत्नी रोझ यांच्याजवळ त्यांचे दफन झाले. त्यांच्या जागी केंब्रिजमधून भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ लारमोर निवडून आले. तेही मूळचे आयर्लंडचेच.

आज काय उरले?

१९१२ मध्ये तिसरे होमरूल विधेयक आले, १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला. बुचर ज्या एकत्रीकरणासाठी उभे होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांत तुटले. केंब्रिजने १९१९ मध्ये प्रवेशासाठीची ग्रीकची सक्ती काढली. ज्या जागेवरून ते निवडून येत, ती जागाही राहिली नाही.

उरले ते दोन प्रकारचे काम. एक, आयरिश विद्यापीठांच्या प्रश्नावर आयोगांतून झालेली तयारी, जिच्यापुढे १९०८ चा कायदा आला. त्या कायद्याने उभे राहिलेले राष्ट्रीय विद्यापीठ आजही चालू आहे. दुसरे, अनुवाद. बुचर यांचे लेखन स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाले असल्याने ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर त्यांचे ‘पोएटिक्स’ आणि लँग यांच्यासोबतची ‘ओडिसी’ ही दोन्ही पुस्तके मोफत मिळतात. ‘पोएटिक्स’चा अनुवाद मोबाइलवर एका बैठकीत वाचून होतो. महागडी आवृत्ती न परवडणाऱ्या, लहान गावातील कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही ॲरिस्टॉटल थेट वाचता येतो, तो या आयरिश प्राध्यापकाच्या शब्दांत.